डाव्या कोपऱ्यातली फट

दसरा उलटला की आमच्या मधल्या खोलीत ऊन येतं. एरवी वर्षभर ती खोली अंधारीच. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं आणि उन्हाळ्यात सूर्य समोरच्या इमारतीआड मावळतो. पण या दिवसांत तो दक्षिणेकडे कलतो आणि दुपारी चारच्या सुमाराला समोरच्या दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहतो. मग पिवळ्या उन्हाची तिरकी पट्टी पलंगाच्या पायथ्याशी पडते, हळूहळू कपाटावर चढते, आरशाला लागते आणि छतावर तिचा एक थरथरता तुकडा उमटतो. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की ती पट्टी आणखी लांबते. मला मात्र तिचे हे पहिले दिवसच ओळखीचे वाटतात.

बोळिंजला आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आता त्यातला एक तुकडा उरला आहे, त्याच दोन इमारतींच्या मागे. जुनं घराणं आहे, अजून भात लावतं. अर्ध्या भागाला यंदा पत्रे ठोकलेत, पण उरलेल्या अर्ध्यात भात उभं आहे. चौथ्या मजल्यावरून ते हातरुमालाएवढं दिसतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात, अंगाला बनियन चिकटलेलं असताना, त्या हातरुमालाचा रंग हिरव्यावरून पिवळ्यावर जाताना मी बघत बसतो. चांदीपहून भाजी घेऊन येणाऱ्या बाया खाली हाक देतात, तेव्हा त्यांच्या टोपल्यांतल्या ताज्या पेंढ्याचा वास जिन्यापर्यंत येतो. या ऋतूची मी वाट बघतो आणि तो आला की मला जरा भीतीही वाटते.

यंदा ऊन आलं त्याच आठवड्यात घाडी आला.

घाडी आणि मी एकाच कारखान्यात होतो, वसई पूर्वेला. तो स्टोअरमध्ये, मी तपासणीत. आता तो चंदनसारला राहतो. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात भली मोठी पिशवी होती. आत पुठ्ठ्याचे ताव, नवी स्टीलची पट्टी, गोंदाचा डबा. चहा होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलला. मग त्याने सांगितलं की त्याचा मुलगा ओंकार गेले काही महिने खोलीतून बाहेर येत नाही. नोकरी सुटली, जेवण सुटलं, बोलणं सुटलं. कुणीतरी सांगितल्यावरून मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेतली होती, पण ती त्याने रद्द केली.

घाडी कासावीस झाला की मालवणीवर येतो. "तू तुझ्या चेडवाक गोळयेशिवाय बरा केलंस," तो म्हणाला, "आता माझ्या झिलाचा बघ. काय कापूचा, कसा चिकटवूचा, माका शिकव. मी करून घेतंय त्याच्याकडून."

चेडू म्हणजे माझी मुलगी, शलाका, आणि झील त्याचा ओंकार. सोसायटीच्या एका पूजेत मी गप्प बसलो होतो, त्या गप्प बसण्याला पाय फुटून ते चंदनसारपर्यंत चालत गेलं होतं.

मी त्याला म्हटलं, दोन दिवस दे. तो गेला. पिशवी इथेच ठेवून गेला.

*

माझं काम असं होतं की कारखान्यात बनलेला प्रत्येक भाग माझ्या टेबलावर यायचा. हातात गेज असायचं. त्याची दोन टोकं. एक टोक भोकातून गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर लाल पेटीत. यात मधलं काही नसतं. ते काम मी आयुष्यभर केलं आणि चांगलं केलं. वाईट एवढंच की संध्याकाळी घरी येताना ते गेज मी कारखान्यात ठेवून येत नव्हतो. हिची पोळी, शलाकाचं अक्षर, तिने काढलेल्या रांगोळीतल्या ठिपक्यांची ओळ, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. मी मारलं कधी नाही, ओरडलोही फारसा नाही. नुसतं बोट ठेवायचो. इथे चुकलंय. इथे जरा वाकडं आहे.

शलाका माझी एकुलती एक. सी.ए.ची परीक्षा देत होती. एकदा राहिली, पुन्हा राहिली, पुढे मी मोजायचं सोडलं नाही आणि तिने बोलायचं सोडलं. एका पावसाळ्यात ती मधल्या खोलीत गेली आणि तिने खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. समोरच्या इमारतीतले लोक आपल्याला बघतात, आपल्याविषयी बोलतात, असं तिला वाटायचं. रात्री झोप नाही, दिवसा उठणं नाही. नातेवाइकांना मी सांगायचो, अभ्यास चाललाय. हिने एक दिवस घरातल्या कात्र्या आणि सुऱ्या उचलून देवघराखालच्या कप्प्यात कुलपात ठेवल्या. का ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. शलाकाला डॉक्टरकडे नेलं ते हिनेच, सुनंदाने. रिक्षात मी बसलो नव्हतो.

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी शलाका दुपारी उठून चहा प्यायला लागली. मग डॉक्टरांनीच एका केंद्राचा पत्ता दिला. वसई गावाकडे, नारळीच्या वाडीतलं एक जुनं कौलारू घर. तिथे आजारातून उठणारी माणसं सकाळी येतात, दुपारी जातात. तिथे सिंथिया नावाच्या बाई डिझाइन शिकवायच्या. त्याच भागातल्या, वयाने शलाकाहून थोड्या मोठ्या. पूर्वी एका कंपनीत घरगुती वापराच्या वस्तूंची डिझाइनं करायच्या.

मी काय म्हणालो ते इथे लिहून ठेवतो, कारण लोकांना वाटतं की ही कल्पना माझी होती. मी म्हणालो, "सत्ताविसाव्या वर्षी कागद कापायला जायचं? बालवाडी आहे का?" शलाका चपला घालत होती. तिने ऐकलं.

तरी ती गेली. आणि तिथे तिला कुणी चित्र काढायला, मन मोकळं करायला सांगितलं नाही. सिंथिया टीचरनी विचारलं, घरातली कुठली वस्तू त्रास देते? शलाका म्हणाली, खिडकी. मग त्यांनी खिडकीविषयीच विचारलं. ऊन कधी येतं, कुठून येतं, किती चालतं, किती नको, कोण दिसतं, कुणाला आपण दिसतो. कित्येक महिने जो तो तिला विचारत होता, तुला काय झालंय. इथे पहिल्यांदाच कुणीतरी खिडकीला काय झालंय असं विचारत होतं. त्याचं उत्तर तिला देता आलं. हे तिने मला फार नंतर सांगितलं.

तिने पुठ्ठ्याचं एक झाकण बनवलं. आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी वेगळी उघडणारी, म्हणजे सोसवेल तेवढीच खिडकी उघडता यावी. एका दुपारी तिने वर्तमानपत्रं काढली आणि ते झाकण लावलं. केंद्रात अशा पहिल्या वस्तूला कच्चा नमुना म्हणतात. तो चुकण्यासाठीच असतो, चुकला की पुढचा करायचा. हे मला माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच की पट्ट्या कमीजास्त रुंदीच्या होत्या, कडा फाटक्या होत्या, आणि खाली डाव्या कोपऱ्यात दोन बोटांची फट राहिली होती.

दसऱ्यानंतरचे हेच दिवस. उन्हाची पट्टी त्या फटीतून शिरून भिंतीवर काडीसारखी उभी राहायची. शलाका जमिनीवर बसून कोपऱ्याला डोळा लावायची. मला वाटायचं, चूक शोधते आहे.

*

एका दुपारी सुनंदा शलाकाला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. मी घरी एकटा. ते झाकण मला सारखं दिसत होतं. मी ते काढलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पट्टी घेतली, गुण्या घेतला, सुनंदाच्या कुलपाची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं, चांगली कात्री काढली. पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांना चिकटवले. सगळ्या पट्ट्या एका मापाच्या केल्या. कोपरे काटकोनात आणले. फट बुजवली. मी इतकं सुंदर काम निवृत्तीनंतर केलं नव्हतं. खिडकीत बसवलं तेव्हा केसाएवढंही ऊन आत येत नव्हतं. मी दिवा लावून ते बघत उभा राहिलो आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मुलीसाठी काहीतरी केल्याचा आनंद झाला.

शलाका आली, खोलीत गेली. चहाची वेळ झाली तरी ती बाहेर आली नाही. मी आत डोकावलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

त्यानंतर ती केंद्रात गेली नाही. गोळी घ्यायची, पाणी प्यायची, पुन्हा भिंत. सुनंदा माझ्याशी बोलायची ते भाजीपुरतं. बाहेर दिवाळीचे कंदील लागले. आमच्या खोलीत दिवसाही रात्र, आणि ती मी मापात कापून बसवलेली.

दिवाळीनंतर सिंथिया टीचर स्वतः घरी आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी झाकणावरून हात फिरवला. म्हणाल्या, "काम एकदम फिट आहे, अंकल." मग विचारलं, कुणासाठी केलं? मी म्हटलं, शलाकासाठी. त्यांनी विचारलं, तिला विचारलं होतं का?

तेवढ्यात शलाका उठली. स्वयंपाकघरातून ओलं फडकं घेऊन आली आणि माझ्या झाकणाचा खालचा डावा कोपरा भिजवू लागली. पुठ्ठा नरम पडला तसा ती तो बोटांनी फाडू लागली. मी दोन थर चिकटवले होते, सहजासहजी फाटत नव्हता. तिची नखं दुखत असणार. मी नकळत पुढे झालो. हे मला नेहमीच होतं, कुणी अडखळलं की माझे हात आधी पोचतात.

"अंकल, हात," टीचर म्हणाल्या.

एवढंच. ओरडल्या नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर सुनंदाने मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले होते, बिरड्यासाठी. टीचरनी तो टोप उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हे सोला.

मी पलंगाच्या कडेवर बसून वाल सोलू लागलो. ज्यांनी सोललेत त्यांना ठाऊक असेल. दाणा दोन बोटांत धरून हलकेच दाबायचा, तो सालातून सटकन निसटतो. जोर केला तर चुरा होतो, घाई केली तर जमिनीवर उडतो. मी दाणे उडवत होतो आणि शलाका पुठ्ठा फाडत होती. शेवटी बोटभर भोक पडलं. ऊन आत आलं. तिने डोळा लावला.

"कापलं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी उठून तिच्या मागे उभा राहिलो, वाकून बघितलं. त्या भोकातून, दोन इमारतींच्या मधून, तो भाताचा तुकडा दिसत होता. समोरच्या घरांतलं कुणी तिथून दिसत नव्हतं, म्हणजे त्यांनाही ती दिसत नव्हती. फक्त शेत. आणि शेतात आता धसकटं उरली होती. पावसाळ्यापासून ती ते हिरवं बघत आली होती, आधी वर्तमानपत्राच्या फाटक्या कोपऱ्यातून, मग आपण स्वतः ठेवलेल्या फटीतून. ते पिवळं होईल, एक दिवस माणसं येऊन कापतील, ते बघायचं तिने ठरवलं होतं. तेवढी एकच गोष्ट पुढच्या दिवसांकडे बोट दाखवणारी होती. मी ती चूक समजून बुजवली.

तिचं सगळं डिझाइन त्या दोन बोटांच्या फटीत होतं.

*

त्या दिवसापासून आमच्या घरात एक पद्धत पडली. शलाका काम करायला बसली की माझ्या हातात वाल. वाल नसतील तर लसूण, पण शक्यतो वालच. मोड यायला दोन दिवस लागतात, म्हणून आदल्या दिवशीचे, त्याच्या आदल्या दिवशीचे, असे दोन-दोन टोप ओट्यावर असायचे. त्या हिवाळ्यात आम्ही इतकं बिरडं खाल्लं की सुनंदा म्हणाली, आता घराण्याचं आडनाव वाले करून घ्या.

झाकण दुसरं झालं, तिसरं झालं. एक झाकण रात्री वाऱ्याने पडलं. एकाचा चिकटवलेला कागद दमट हवेत सुटला. दरवेळी शलाका ते समोर ठेवायची आणि मला वापरून बघायला सांगायची. बोलायचा नियम टीचरनी घालून दिला होता. तुम्हाला काय होतंय ते सांगायचं, काय करायला हवं ते सांगायचं नाही. "पट्टी उघडताना करंगळी अडकते" हे चाललं. "इथे एक खाच पाड" हे चाललं नाही. मला ही भाषा शिकायला फार वेळ लागला. जन्मभर मी मालाला काय झालंय ते सांगत आलो होतो. मला काय होतंय, हे सांगण्याची वेळच आली नव्हती. एकदा मी म्हणून बसलो, "ही पट्टी उघडली की मला तुझा चेहरा दिसतो." शलाका हसली. ते तिचं मला आठवणारं पहिलं हसणं, म्हणजे त्या आजारानंतरचं. म्हणाली, "बाबा, हे अभिप्रायात धरू का?"

पुढच्या ऑक्टोबरात तिने भातकापणी पाहिली. त्या दिवशी झाकण लावलेलंच नव्हतं. विळ्यांचा आवाज काही चौथ्या मजल्यावर येत नाही, पण ती म्हणाली, येतोय.

हे वाचून कुणी असं समजू नये की पुठ्ठ्याने आजार गेला. गोळ्या होत्या, डॉक्टर होते, सुनंदा होती. पुठ्ठ्याने एवढं केलं की सकाळी उठायला एक कारण दिलं, आणि चुकणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे तिच्या हातांना शिकवलं. मनाला ते हातांकडून कळलं असावं. आज शलाका एका फर्निचरच्या कारखान्यात ड्रॉइंगचं काम करते आणि आठवड्यातून दोन दिवस त्याच केंद्रात नव्या माणसांना शिकवते. गोळी अजून घेते. एखादा आठवडा वाईट जातो. तेव्हा मधल्या खोलीच्या पट्ट्या खाली येतात. फट उघडी राहते.

*

आता ती पूजा. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरींनी अचानक माझं नाव पुकारलं. माइकवर सांगितलं, औषधाची एक गोळी न देता, केवळ कलेच्या जोरावर, वडिलांनी स्वतः शिकवून मुलीला उभं केलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्यांना कुणी असं सांगितलं ते मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. पण मी वर गेलो आणि हात जोडले. शलाका तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि रात्रीची गोळी तिच्या पर्समध्ये होती. सुनंदा खाली मान घालून प्रसादाचे द्रोण लावत होती. मी मनाशी म्हटलं, लोकांना गोळ्यांचं कळलं नाही तर पोरीचंच बरं. ते खरं नव्हतं. मला शाल उबदार वाटली होती.

घरी आल्यावर शलाका एवढंच म्हणाली, "बाबा, नारळ फोडा, चटणी करू."

तोच नारळ घाडीच्या रूपाने परत आला, असं मला वाटलं. तो गेल्यावर संध्याकाळी मी शलाकाला सगळं सांगितलं. तिच्या आजाराचं बोलायचं तर तिला विचारायला हवं, एवढं तरी मी शिकलो होतो. ती गोंदाचा डबा हातात घेऊन फिरवत होती. म्हणाली, सांगा. गोळ्यांचं आधी सांगा, फटीचं मग. नंतर आत गेली आणि गोळ्यांचं एक संपलेलं पाकीट घेऊन आली. "हे दाखवा. नुसतं बोललात तर काकांना तुमचा मोठेपणाच वाटेल."

दुसऱ्या दिवशी मी चंदनसारला गेलो. घाडीने मला खाली गेटपाशीच गाठलं, वर ओंकार ऐकेल म्हणून. मी सांगितलं. डॉक्टरकडे मी तिला नेलं नाही, बायकोने नेलं. गोळ्या पहिल्यापासून आहेत, आज सकाळीही घेतली. मी शिकवलं नाही, उलट मोडलं. पाकीट काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते उलटंसुलटं केलं, रिकाम्या खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तू स्टेजवर खोटा बोललंस," तो म्हणाला.

"बोललो नाही. गप्प बसलो."

"ता त्याच्याहून वायट."

मी हो म्हटलं. तो पाठ फिरवून जिना चढून गेला. पाकीट त्याच्याच हातात राहिलं. मला वाटलं, जुना मित्र गेला. परत येताना रिक्षात मला हलकं वगैरे काही वाटलं नाही, नुसती तहान लागली होती. एक मात्र झालं. घरी येऊन मी ती शाल काढली आणि सुनंदाला दिली. तिने ती निम्मी कापून शलाकाच्या कामाच्या टेबलावर घातली, गोंद सांडतो म्हणून.

सोसायटीच्या पुढच्या पूजेत मी माइक मागणार आहे. हा लेख त्याआधी लिहून ठेवला, म्हणजे ऐनवेळी पुन्हा हात जोडून खाली उतरायला नको. शलाकाला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती सांगितली, "मला बिचारी करू नका. आणि स्वतःलाही करू नका, तुम्हाला ते आवडतं." त्या जागा मी काढल्या आहेत. एखादी राहिली असेल.

काल ऊन पट्टीभर लांब झालं होतं. शेतात कापणी सुरू होती, दोन बायका आणि एक म्हातारा. शलाका कामावर होती, म्हणून मी तिच्यासाठी बघत बसलो होतो. फोन वाजला. घाडी.

ओंकारला डॉक्टरकडे नेऊन आणलं, तो म्हणाला. गोळ्या चालू झाल्यात, पोरगं अजून बोलत नाही. मी म्हटलं, तुझी पिशवी इथेच आहे. तो म्हणाला, राहू दे ती, त्याने फ्रिजचा जुना खोका फाडलाय. सकाळपासून जमिनीवर बसून काहीतरी करतोय. काय ते कळत नाही, बघवत नाही इतकं वाकडं आहे.

पलीकडून पुठ्ठा फाटल्याचा आवाज येत होता.

"माजे हात शिवशिवतत रे," घाडी हळूच म्हणाला. "मी आता काय करू?"

"घरात वाल आहेत?"

"असत. कित्याक?"

"आज भिजत घाल," मी म्हटलं.